मेलबर्नमध्ये आई-बाबांचा एक दिवस: मुलं ऑफिसला गेल्यावर दोघांनीच शहर कसं पाहावं

भारतातून मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला आलेल्या निवृत्त जोडप्यांचं मेलबर्नमध्ये एक ठरलेलं होतं. सकाळी मुलगा स्टेशनवर सोडतो आणि कामाला जातो. दोघं शहरात उतरतात, उत्साहात दोन-तीन रस्ते चालतात, मग पाय भरून येतात. स्वच्छतागृह कुठे ते कळत नाही, ट्रामचं तिकीट काढायचं की नाही यावरून वाद होतो, आणि दुपारी एकच्या सुमाराला फोन येतो, "आम्ही घरी निघालोय." माझे आई-बाबा पहिल्या वेळी असेच परत आले. नंतर दोन आठवडे शहराचं नाव काढलं की बाबा म्हणायचे, "पाहिलं की एकदा."

चूक त्यांची नव्हती. यादी मी करून दिली होती, आठ ठिकाणांची, आणि क्रम उलटा. दुसऱ्या वेळी चारच ठिकाणं ठेवली आणि क्रम बदलला. तेव्हापासून ओळखीतल्या अनेक काका-काकूंना हाच आराखडा दिला आहे. तो इथे सविस्तर लिहिते. मुलांनी वाचून आई-बाबांना समजावून सांगावा किंवा आई-बाबांनी थेट वाचावा.

यात धरलेलं असं: दोघंही मध्ये मध्ये बसत दिवसभरात तीन-साडेतीन किलोमीटर चालू शकतात, उपनगरातून ट्रेनने येणार आहेत, आणि सोबत कुणी नाही.

## 1. दिवस कोणता निवडायचा

मंगळवार ते गुरुवार यातला दिवस घ्या. शनिवार-रविवारी मुलं सोबत येऊ शकतात, पण गर्दीही असते. शिवाय रेल्वेमार्गाची कामं बऱ्याचदा सुट्टीच्या दिवशी काढतात. त्या वेळी ट्रेनऐवजी बस सोडतात, म्हणजे चाळीस मिनिटांचा प्रवास सहज दीड तासाचा होतो. नवख्या माणसाचा दिवस तिथेच संपतो.

क्वीन व्हिक्टोरिया मार्केट या दिवसात कोंबू नका. ते सोमवारी आणि बुधवारी बंद असतं, दुपारी लवकर आवरतं, आणि तिथे गेलं की काकू भाजी घेतल्याशिवाय राहत नाहीत. मग पिशव्या दिवसभर हातात. मार्केटसाठी वेगळी सकाळ काढा, घरची गाडी असेल अशी.

तपासा: आदल्या दिवशी व्हिक्टोरिया राज्याच्या सार्वजनिक वाहतुकीच्या अधिकृत ॲपमध्ये आपल्या मार्गाचं नाव टाकून पाहा. "ट्रेनऐवजी बस" अशी सूचना दिसली तर बेत सरळ पुढे ढकला.

## 2. आदल्या संध्याकाळची तयारी

हवामान पाहताना लोक फक्त कमाल तापमान पाहतात. मेलबर्नमध्ये त्याने फसायला होतं. "एका दिवसात चार ऋतू" असं इथले लोक म्हणतात ते खरोखर अनुभवाला येतं. उन्हाळ्यात सकाळी उत्तरेकडून, म्हणजे वाळवंटाच्या बाजूने, गरम वारा येतो आणि पारा पस्तीसच्या वर जातो. दुपारी वारा फिरून दक्षिणेकडचा, समुद्राकडचा होतो आणि तासाभरात दहा-पंधरा अंश उतरतात. सुती कुर्त्यावर निघालेला माणूस चार वाजता कुडकुडतो. म्हणून सरकारी हवामान खात्याच्या अंदाजात वारा कधी फिरणार तेही वाचा, तिथे वेळेसकट लिहिलेलं असतं.

एक जाड स्वेटर नेण्यापेक्षा दोन पातळ थर बरे. वर वारा अडवणारं हलकं जाकीट. छत्रीपेक्षा टोपीचं जाकीट चांगलं, कारण इथल्या वाऱ्यात छत्री उलटी होते.

ऊन जाणवत नसलं तरी भाजतं. ऑगस्टच्या मध्यापासून एप्रिल संपेपर्यंत इथे अतिनील किरणांपासून जपायला सांगतात. "आम्हाला कसलं ऊन लागतंय, आम्ही सोलापूरचे" हे मी खूपदा ऐकलं आहे, आणि संध्याकाळी त्याच काकांची मान लाल झालेली पाहिली आहे. रुंद काठाची टोपी, सनस्क्रीन, आणि ते मानेच्या मागे आणि चपलेतून उघड्या राहणाऱ्या पायावरही लावायचं.

आता पिशवी. एकच, पाठीवरची, छोटी:

- दोघांच्या दुपारच्या गोळ्या, आणि घेत असलेल्या सगळ्या औषधांची नावं लिहिलेला कागद
- मधुमेह असेल तर साखरेच्या गोळ्या किंवा खजूर, हाताला पटकन लागतील असे वरच्या कप्प्यात
- पाण्याची एक बाटली. नळाचं पाणी थेट पिण्याजोगं असतं आणि शहरात, बागेत बाटली भरायचे नळ आहेत. दोन लिटर पाणी पाठीवर वाहू नका.
- डबा: दशम्या, धपाटे किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या, सुकी भाजी, लोणच्याची फोड. रस्सा नको. सोबत कागदी रुमाल आणि एक जुनी चादर, गवतावर बसायला
- प्रवास विम्याच्या कागदाचा फोटो. भारतीय पाहुण्यांना इथली सरकारी आरोग्य योजना लागू होत नाही, त्यामुळे हा कागद महत्त्वाचा.
- घरचा पत्ता, मुलाचा नंबर आणि आपल्या स्टेशनचं नाव इंग्रजीत लिहिलेल्या दोन चिठ्ठ्या. एक काकांच्या खिशात, एक काकूंच्या पर्समध्ये.

बूट नवे नकोत. मुलाने कौतुकाने आणलेले बूट पहिल्यांदा या दिवशी घालू नका. आधी आठवडाभर घराजवळच्या बागेत घालून फिरा.

सावध: ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं एक तास पुढे जातात आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे येतात. मोबाइल आपोआप बदलतो, मनगटावरचं घड्याळ बदलत नाही. बाबांनी त्या घड्याळावर विसंबून एकदा ट्रेन चुकवली आहे.

## 3. मायकी कार्ड: सगळ्यात जास्त गोंधळ इथेच

ट्रेन, ट्राम आणि बस तिन्हींना एकच कार्ड चालतं, मायकी. स्टेशनवर किंवा सेव्हन-इलेव्हन दुकानात मिळतं. प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड लागतं. एकाच कार्डावर दोघांना जाता येत नाही. कार्डात दिवसभर पुरतील एवढे पैसे मुलाकडून आधीच भरून घ्या.

भारतातलं ज्येष्ठ नागरिक ओळखपत्र दाखवून सवलतीचं कार्ड मिळत नाही. ती सवलत ऑस्ट्रेलियातल्या ज्येष्ठांच्या कार्डावर आहे. कुणी ओळखीच्याने आपलं सवलतीचं कार्ड दिलं तरी घेऊ नका. तिकीट तपासनीस कार्डासोबत ओळखपत्रही मागतो.

आता फ्री ट्राम झोन. शहराच्या मध्यभागात ट्राम फुकट आहे, 2015 पासून. त्या हद्दीत चढून हद्दीतच उतरत असाल तर कार्ड लावावं लागत नाही. सगळे इथपर्यंत नीट सांगतात. पुढचं सांगत नाहीत: ही हद्द दक्षिणेला फ्लिंडर्स स्ट्रीटपाशी आणि पूर्वेला स्प्रिंग स्ट्रीटपाशी संपते. आर्ट गॅलरी, युद्धस्मारक आणि मोठी बाग ही तिन्ही ठिकाणं नदीच्या पलीकडे, म्हणजे हद्दीबाहेर आहेत. "मेलबर्नला ट्राम फ्री आहे" एवढंच ऐकून निघालेली जोडपी नेमकी तिथे दंडात सापडतात.

हद्द पाठ करत बसू नका. तुम्ही उपनगरातून ट्रेनने येताय आणि ट्रेननेच परत जाताय, तर एक सोपा हिशोब लक्षात घ्या. एकदा कार्ड लावलं की साधारण दोन तासांचं भाडं कापलं जातं. दुसऱ्यांदा दोन तास सुरू झाले की दिवसभराची कमाल मर्यादा गाठली जाते आणि त्यानंतर कितीही फिरलात तरी पैसे कापले जात नाहीत. सकाळी येणं आणि संध्याकाळी परत जाणं एवढ्यानेच तुमची मर्यादा पूर्ण होते. मधल्या ट्रामना कार्ड लावल्याने खर्च वाढत नाही. म्हणून आमच्या घरचा नियम: ट्राममध्ये चढलं की कार्ड लावायचं, प्रत्येक वेळी. वादच उरत नाही.

लावण्याची पद्धतही पाहून घ्या. कार्ड यंत्रावर घासायचं नाही, नुसतं टेकवून स्थिर धरायचं, आवाज येईपर्यंत. पर्ससकट टेकवू नका. आत बँकेचं कार्ड असेल तर यंत्र गोंधळतं. ट्रेनला आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा लावायचं. ट्रामला फक्त चढताना, उतरताना गरज नाही.

तपासा: निघण्याआधी दोघांची कार्डं दोघांकडे आहेत ना? दोन्ही कार्डं काकांच्या पाकिटात असतील आणि गर्दीत ताटातूट झाली, तर काकू स्टेशनच्या फाटकात अडकतात.

## 4. घरून निघणं आणि शहरात पोचणं

साडेनऊच्या आसपासची ट्रेन घ्या, ऑफिसची गर्दी ओसरलेली असते. सरकत्या जिन्यावर डाव्या बाजूला उभं राहायचं. उजवी बाजू घाईत असलेल्यांची.

उतरायचं कुठे ते तुमच्या मार्गावर अवलंबून आहे.

वेरिबी मार्गावरून, म्हणजे पॉइंट कुक, विल्यम्स लँडिंग, हॉपर्स क्रॉसिंगकडून येणाऱ्यांनी फ्लिंडर्स स्ट्रीटला उतरावं. टार्नीटकडून येणाऱ्यांची गाडी सदर्न क्रॉसला थांबते. तिथून फ्लिंडर्स स्ट्रीटला जाणारी गाडी पकडा, पुढचंच स्टेशन आहे. सनबरी, क्रॅनबर्न आणि पॅकेनहॅम मार्गांवरच्या मंडळींचं काम सोपं झालं आहे. त्यांच्या गाड्या आता नव्या मेट्रो टनेलमधून जातात आणि त्यात ॲन्झॅक नावाचं स्टेशन आहे. तिथे उतरलात की युद्धस्मारक आणि बाग चालत गाठता येते. पाचव्या टप्प्यातली ट्राम त्यांनी सोडून द्यावी.

फ्लिंडर्स स्ट्रीटला उतरलात की बाहेर पडण्याआधी स्टेशनवरच्या स्वच्छतागृहात जाऊन या. गरज वाटत नसली तरी. दिवसभराचा नियम हाच ठेवा: जिथे स्वच्छतागृह दिसेल तिथे जायचं, लागेल तेव्हा शोधायचं नाही.

## 5. पहिली ट्राम आणि युद्धस्मारक

आधी दक्षिणेला का? सकाळी गुडघे ताजे असतात आणि दिवसातली सगळी चढण नदीपलीकडेच आहे. बहुतेक लोक आधी शहरातली दुकानं आणि गल्ल्या पाहतात आणि बाग "संध्याकाळी निवांत" ठेवतात. संध्याकाळ येते तेव्हा चालण्याचं त्राण उरलेलं नसतं आणि स्मारक, गॅलरी पाच वाजता बंद होते.

स्टेशनच्या घड्याळांखालच्या मोठ्या दारातून बाहेर या. समोर फेडरेशन स्क्वेअर, मध्ये स्वॉन्स्टन स्ट्रीटवरचा ट्रामचा थांबा. सिग्नलच्या खांबावरचं बटण दाबा आणि टकटक आवाज भरभर होईपर्यंत थांबा. हिरवा माणूस लुकलुकत लाल झाला तर पुढचा सिग्नल घ्या, धावू नका.

सेंट किल्डा रोडने दक्षिणेकडे जाणारी ट्राम घ्यायची. 3, 5, 6, 16, 64, 67, 72 यांपैकी कोणतीही चालेल. 1 नंबर घेऊ नका, ती मध्येच वळते. जमिनीलगत मजला असलेली ट्राम आली तर उत्तम, फलाटावरून सरळ आत जाता येतं. जुन्या ट्रामला आत उंच पायऱ्या असतात. गुडघे दुखत असतील तर ती सोडा, पाच-सात मिनिटांत दुसरी येते.

चढल्याबरोबर आधी दांडा धरा, मग कार्ड लावा, मग बसा. ट्राम झटक्याने सुटते आणि पडणारे बहुतेक याच क्षणी पडतात.

तपासा: ट्राम सुटल्यावर लगेच नदीवरचा पूल लागला का? लागला तर दिशा बरोबर. त्याऐवजी टाउन हॉलचा मनोरा दिसला तर तुम्ही उलट्या दिशेला निघालात. पुढच्या थांब्यावर उतरा, समोरच्या फलाटावर जा आणि परत या.

उतरायचा थांबा श्राइन ऑफ रिमेंब्रन्स. समोर हिरवळीवर दगडी पिरॅमिडसारखं छत दिसतं. रस्ता हळूहळू चढतो, दहा मिनिटं धरा. दर्शनी भागातल्या उंच पायऱ्या चढू नका. अभ्यागतांची वाट खालच्या बाजूच्या अंगणातून आहे आणि आत लिफ्ट आहे. प्रवेश विनामूल्य, वेळ दहा ते पाच.

गाभाऱ्यात जमिनीच्या पातळीखाली एक शिळा बसवली आहे, ती वाचायला मान झुकवावीच लागते. 11 नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता छतातल्या झरोक्यातून उन्हाची तिरीप त्या शिळेवर पडते. इतर दिवशी दर अर्ध्या तासाने दिव्याने तेच दाखवतात. आत गेल्यावर पुढची वेळ विचारा आणि तोवर बाकावर बसा. वरच्या सज्जातून शहराचं सरळ दृश्य दिसतं, पण तिथे पायऱ्या आहेत. गुडघ्यांनी परवानगी दिली तरच जा.

## 6. बाग आणि डबा

स्मारकाच्या मागचा रस्ता ओलांडला की बोटॅनिक गार्डन्सचं ऑब्झर्व्हेटरी गेट. बागही विनामूल्य. इथे नकाशा, स्वच्छतागृह, पाण्याचा नळ सगळं एका जागी आहे. तिन्ही कामं उरकूनच आत जा.

ही बाग 38 हेक्टरची आहे, म्हणजे जवळजवळ 94 एकर. "एक चक्कर मारून येऊ" म्हणणारे इथेच थकतात. फाटकापासून तळ्याकडे वाट उतरत जाते. उतरताना काही वाटत नाही, परत चढताना तीच वाट लांबते. म्हणून असं करा: पंधरा मिनिटं उतरलात की थांबा आणि मागे वळून पाहा. आलो ती चढण आरामात चढू असं दोघांनाही वाटलं तर पुढे तळ्यापर्यंत जा. एकाने जरी "बघू" म्हटलं तर तिथेच झाडाखाली चादर पसरा. तळं वरूनही दिसतं.

डबा इथे खायचा, बाराच्या सुमाराला. गवतावर बसायला कुणी अडवत नाही. गवतावरून उठता येत नसेल तर बाक शोधा, जागोजागी आहेत. पक्ष्यांना खायला घालू नका. धपाट्याचा तुकडा टाकला की सीगल पक्ष्यांचा थवा जमतो आणि हातातलं ओढून नेतो.

सावध: ऑगस्ट ते नोव्हेंबर मॅगपाय पक्ष्यांचा विणीचा हंगाम. काळा-पांढरा, कावळ्याएवढा पक्षी घरट्याजवळ आलेल्यांच्या डोक्यावर झडप घालतो. टोपी घाला आणि सूचनेची पाटी दिसली तर वाट बदला. हातवारे करून हाकलू नका.

तपासा: दुपारच्या गोळ्या घेतल्या का? दोघांनी एकमेकांना विचारा. सकाळच्या उत्साहात हे हमखास राहतं.

एक वाजता परत निघा. आलात त्याच फाटकातून, त्याच थांब्याकडे. बागेच्या दुसऱ्या दाराने "जवळचा रस्ता" काढायला जाऊ नका. तो जवळचा नसतो.

## 7. दुपारची आर्ट गॅलरी, जिथे विश्रांतीही होते

आता ट्राम शहराच्या दिशेने, थांबा आर्ट्स प्रीसिंक्ट. नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरिया, दारावर काचेवरून पाणी वाहतं तीच इमारत. कायमचा संग्रह पाहायला तिकीट नाही. खास प्रदर्शनाला असतं, त्यामुळे काउंटरपाशी रांग दिसली तरी तिच्यात उभं राहण्याआधी विचारा. पाठीवरची पिशवी आतल्या सामानघरात ठेवा. ज्यांना चालणं जड जातं त्यांना इथे चाकाची खुर्ची विनामूल्य वापरायला मिळते. मागायला संकोच करू नका. माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा नको म्हटलं आणि दोन दालनांत थकल्या. पुढच्या वेळी खुर्ची घेतली आणि आशियाई दालनातल्या मूर्ती एकेक करून मनसोक्त पाहिल्या.

पण आधी ग्रेट हॉलमध्ये जा. तळमजल्यावर, सरळ मागे. त्याचं सबंध छत रंगीत काचेचं आहे, लिओनार्ड फ्रेंच या कलाकाराने केलेलं, सुमारे 51 मीटर लांब. ते उभ्याने पाहिलं तर मान दुखते. लोक चक्क खाली गालिच्यावर आडवे होऊन पाहतात आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. आईने आधी आजूबाजूला पाहिलं. एक शाळकरी मुलगी आणि एक सूटवाले गृहस्थ आडवे दिसल्यावर तिने ओढणी सारखी केली, पर्स डोक्याखाली घेतली आणि पडली. बाबा शेजारी. वीस मिनिटं दोघं काही बोलले नाहीत. बाबांच्या चष्म्याच्या काचेवर लाल-निळे ठिपके पडले होते. दुपारच्या जेवणानंतर पाठ टेकायला शहरात याहून चांगली जागा मला माहीत नाही. एखाद्या कार्यक्रमासाठी हॉल बंद ठेवलेला असू शकतो, तेव्हा आत शिरतानाच विचारून घ्या.

गालिच्यावरून उठताना आधी कुशीवर वळा, मग बसा, मिनिटभर थांबा आणि मग उभे राहा. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांना एकदम उठलं की चक्कर येते.

इथे दीड तास ठेवा, आणि त्यातला निम्मा बसण्यात गेला तरी हरकत नाही. चारही मजले पाहायचा अट्टहास नको.

## 8. स्टेट लायब्ररी

अडीचच्या सुमाराला ट्राम, त्याच मार्गाने उत्तरेकडे, स्वॉन्स्टन स्ट्रीटवर मेलबर्न सेंट्रलचा थांबा. लायब्ररीसमोर हिरवळ आणि रुंद पायऱ्या आहेत. पायऱ्या नको असतील तर चाकाच्या खुर्चीचं दार वेगळं आहे. तिथल्या कर्मचाऱ्याला विचारा, नेऊन पोचवतात.

इथे पाहायचं ते एकच, ला ट्रोब रीडिंग रूम. 1913 सालची अष्टकोनी वाचनखोली, वर घुमट. ती खालून पाहून परत फिरू नका. लिफ्टने सगळ्यात वरच्या सज्जावर जा आणि खाली पाहा. मध्यभागी एक उंच चौथरा आणि तिथून बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी निघालेली लाकडी टेबलं, प्रत्येकावर हिरवा दिवा. मग खाली येऊन त्याच एका टेबलापाशी बसा. बसायला सभासद असावं लागत नाही. मोबाइल आवाज बंद करून ठेवा, आणि घरचा फोन आला तर बाहेर जाऊन घ्या.

पाऊस असेल तर: स्मारक आणि बाग वगळा. गॅलरीपासून सुरुवात करा, लायब्ररी दुपारी करा. जेवणाला रस्त्यापलीकडच्या मेलबर्न सेंट्रलमधलं फूड कोर्ट धरा. तिथे शाकाहारी काही घेताना अंडं आणि मासा यांचंही स्पष्ट विचारा. इथे "व्हेजिटेरियन" म्हटलं की अंडं चालतं असं धरतात.

## 9. परतीचा प्रवास

पावणेचारला लायब्ररी सोडा. साडेचारनंतर ऑफिसची गर्दी सुरू होते आणि बसायला जागा मिळत नाही. समोरच मेलबर्न सेंट्रल स्टेशन आहे म्हणून तिथूनच गाडी पकडायचा मोह होतो. वेरिबी मार्गाच्या गाड्या तिथे येत नाहीत, आणि जमिनीखालच्या फलाटांत नवखा माणूस गोंधळतो. ट्रामने फ्लिंडर्स स्ट्रीटला परत या. सकाळी पाहिलेलं स्टेशन, तीच घड्याळं, तेच दार. ओळखीच्या जागेवरून परतणं सोपं जातं. ॲन्झॅकला उतरलेल्यांनीही इथेच यावं. फ्लिंडर्स स्ट्रीटला आतून जोडलेल्या टाउन हॉल स्टेशनवरून त्यांची गाडी मिळते.

फलाटावरच्या पडद्यावर गाडीचं शेवटचं स्टेशन तर वाचाच, पण खालची थांब्यांची यादीही वाचा. काही गाड्या मधली स्टेशनं गाळतात. आपल्या स्टेशनचं नाव यादीत दिसलं तरच चढा.

ताटातूट झाली तर: एकजण आत आणि दुसरा बाहेर, मध्येच दार बंद, असं होतं. नियम घरीच ठरवून ठेवा. जो आत गेला त्याने पुढच्या थांब्यावर उतरून तिथेच उभं राहायचं. जो मागे राहिला त्याने पुढच्या गाडीने तिथे पोचायचं. दोघांनीही चालत शोधायला निघायचं नाही.

तब्येत खरोखर बिघडली तर 000. फोन घेणाऱ्याला "मराठी" किंवा "हिंदी" एवढं सांगितलंत तरी दुभाषी जोडून देता येतो. नुसता सल्ला हवा असेल तर व्हिक्टोरियात नर्सशी बोलायचा नंबर आहे, 1300 60 60 24. दोन्ही नंबर आदल्या रात्रीच फोनमध्ये घालून ठेवा.

गाडीत बसलात की मुलाला आपल्या स्टेशनवर पोचायची वेळ कळवा, आणि उतरून फाटकातून बाहेर पडताना दोघांनीही कार्ड लावा. दिवसभर सगळं नीट करून नेमकं इथे विसरलं जातं, कारण समोर मुलगा उभा असतो, नात हात हलवत असते, आणि उपनगरातल्या बऱ्याच स्टेशनांत तर फाटकच नसतं, नुसता कार्ड लावायचा खांबावरचा डबा असतो. तो शोधा, कार्ड टेकवा, आवाज ऐका, मग नातीला उचला.